सततचा थकवा : टॉनिकची बाटली आणण्याआधी या चुका टाळा

अंगात त्राण नाही, जिना चढताना धाप लागते, रात्रभर झोपूनही सकाळी उठवत नाही, अशी तक्रार काही आठवडे टिकली की आपल्याकडे औषधाच्या दुकानातून टॉनिकची बाटली येते, नाहीतर ‘ताकदीसाठी’ सलाईन लावून घेतले जाते. पहिली चूक येथेच होते. साध्या सलाईनमध्ये पाणी, मीठ आणि फार तर साखर असते. उलट्या-जुलाबांनी कोरड्या पडलेल्या शरीराला त्याचा उपयोग होतो, महिनोन्महिने थकलेल्या माणसाला नाही. ताकदीसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बी-१२ या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचे दुखणे असे, की ते आधी घेऊन नंतर रक्त तपासले तर पातळी भरपूर दिसते आणि मुळात कमतरता होती की नाही, हे सांगणे अवघड होते.

दुसरी चूक म्हणजे केवळ हिमोग्लोबिनच्या आकड्यावर विसंबणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषाचे १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास ॲनिमिया समजला जातो. परंतु शरीरातील लोहाचा साठा त्याआधीच आटू लागतो आणि तो फेरिटिन या तपासणीत कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. हे प्रमाण एवढे मोठे असल्यामुळेच ‘बायकांचे रक्त कमीच असते’ असे म्हणून विषय मिटवला जातो आणि पाळीत रक्तस्राव किती होतो, हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. पुरुषामध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीमध्ये लोह कमी आढळले, तर गोळ्या सुरू करून थांबू नये; जठर-आतड्यांतून नकळत रक्त जात आहे का, याचा शोध घ्यावा लागतो.

लोहाच्या गोळ्या घेण्यातही गफलत होते. चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतलेल्या गोळीतील लोह नीट शोषले जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास फायदा होतो. शौचाला काळे झाले म्हणून घाबरून किंवा महिनाभरात बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणे, हे तर घरोघरी घडते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने उपचार चालू ठेवावे लागतात. पोटाला त्रास होत असेल, तर एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांमध्येही लोहाच्या कमतरतेसारख्याच रक्तपेशी लहान दिसतात, आणि फेरिटिन न पाहता त्यांना लोह देत राहणे चुकीचे ठरते. सिंधी आणि लोहाणा समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असल्याने तेथे ही शंका आधी घ्यावी.

चालू असलेली औषधे डॉक्टरांपासून लपवू नयेत, अगदी केसांसाठीच्या गोळ्याही. त्यांतील बायोटिन या जीवनसत्त्वामुळे थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन आणि दीर्घकाळ घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या यांमुळे बी-१२ घटू शकते. शाकाहारी व्यक्तीला तो धोका आधीच असतो. अशा वेळी केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्ताचा अहवाल सुधारतो, मात्र हातापायांना मुंग्या आणणारी नसांची हानी आत चालूच राहते.

रक्त, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि यकृताचे अहवाल चांगले आले की घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळे होतात. नैराश्यामुळे थकवा येतो हे खरे, पण त्यालाही उपचार लागतात, शेरा नव्हे. घोरताना श्वास अडखळत असल्यास माणूस आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो. हे स्वतःला कळत नसल्याने शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला दवाखान्यात बरोबर न्यावे. थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळावे लागत असेल आणि हे कित्येक महिने चालले असेल, तर क्रॉनिक फटीग सिंड्रोमचा विचार करावा लागतो; त्यात ‘जरा व्यायाम कर’ हा सल्ला अपायकारक ठरू शकतो, म्हणून उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याच्या व्यायामाची शिफारस २०२१ मध्ये मागे घेतली.

थकव्याबरोबर वजन घटणे, संध्याकाळचा ताप किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर क्षयरोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. छातीत दुखत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखे काळे शौचाला होत असेल, तर अहवालांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.