मोठ्या कुत्र्याचे खेळ: चारही पाय जमिनीवर

तीस-चाळीस किलोचा लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर घरात असला की बहुतेकांचं एकच वेळापत्रक असतं. सकाळी मैदानावर न्यायचं, चेंडू फेकत राहायचं, धापा टाकायला लागला की घरी आणायचं. दोन महिन्यांत त्याचा दम वाढतो, आपला हात दुखायला लागतो आणि सोफा फाडायचा तो फाडतोच. नुसत्या पळण्यानं कुत्रा आणखी दमदार होतो. नाक आणि डोकं चाललं की तो निवांत झोपतो. शिवाय एवढं वजन उडी मारून मागच्या दोन पायांवर आदळलं की सगळा भार गुडघ्यावर येतो आणि तिथला अस्थिबंध (लिगामेंट) तुटू शकतो. म्हणून कुठलाही खेळ निवडताना आधी हे बघावं, की त्यात चारही पाय जमिनीवर राहतात का.

नाकाचा खेळ

कोल्हापुरात पावसाची झड लागली की चार-चार दिवस मैदानाचं नाव काढता येत नाही. तेव्हा हाच खेळ कामाला येतो, पण खरं तर तो बारा महिने खेळावा.

रोपवाटिकेतल्या काळ्या प्लास्टिकच्या तीन कुंड्या घ्या, तळाला भोकं असलेल्या. उपड्या ठेवल्या की भोकं वर येतात आणि वास त्यातून बाहेर पडतो. मीठ-मसाला न घालता उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे वीसेक तुकडे करा. आधी एकच कुंडी ठेवा, कुत्र्याच्या डोळ्यांदेखत तुकडा खाली सरकवा आणि ‘शोध’ म्हणा. नाक कुंडीला लागलं की कुंडी तुम्हीच उचला. पंजा मारून उलटवू दिली तर कुंडी चार दिवसांत फुटते आणि त्याला हुंगण्याऐवजी उलथापालथ करायची सवय लागते. पाच-सहा वेळा जमलं की तीन कुंड्या मांडा. त्यानंतर तुकडा लपवताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.

कुंड्यांचं जमलं की सगळं घर मोकळं: सोप्यात (ओसरीवर) दाराआड, खुर्चीच्या पायाशी, परड्यात बादलीमागं. सुरुवातीला त्याच्या नाकापेक्षा उंच काही लपवू नका आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर वास खोलीभर पसरतो आणि मूळ जागा सापडत नाही.

इथं बहुतेक जण एकच चूक करतात. कुत्रा अडखळला की बोट दाखवतात. दोन दिवसांत तो हुंगणं सोडून तुमच्या बोटाकडं बघायला लागतो. तो तोंडाकडं बघत उभा राहिला तर डाव अवघड झालाय असं समजा आणि पुढचा तुकडा सोप्या जागी ठेवा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. तुकड्यांचं वजन रोजच्या जेवणातून वजा करा, नाहीतर खेळानंच कुत्रा लठ्ठ होईल.

चिकनऐवजी गाजर, उकडलेलं अंडं किंवा भाकरीचे तुकडे चालतील. मात्र सांगली-तासगावचा बेदाणा घरात असतोच म्हणून तो वापरू नका. द्राक्षं आणि बेदाण्यानं कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कांदा-लसूण चटणीचा हातही लागू देऊ नका. तांबड्या रश्श्यातली हाडं तर नकोच: शिजलेलं हाड चिरफळून आतडं फाडतं.

रस्सीखेच

बैलाचा सुती कासरा दुहेरी पिळून, दोन्ही टोकांना गाठी मारून दोन फुटांचा दोर करा. नायलॉनचा नको, त्यानं तुमचा तळहात आणि त्याच्या हिरड्या सोलतात. जुन्या जीन्सच्या चार इंच रुंद, तीन फूट लांब अशा तीन पट्ट्यांची घट्ट वेणीही चालते.

‘घे’ म्हटल्यावरच त्यानं धरायचं. ओढ आडवी ठेवा, डावी-उजवीकडं. वर उचलून हिसके दिले तर मान आणि मणके दुखावतात. दहा-पंधरा सेकंद ओढलं की दोर आपल्या गुडघ्याशी घट्ट टेकवून हात मेल्यासारखा स्थिर करा आणि ‘सोड’ म्हणा. दोर हलेना झाला की त्याला मजा वाटत नाही आणि तोंड सैल पडतं. त्याच क्षणी पुन्हा ‘घे’. सोडल्यावर खेळ परत सुरू होतो हे कळलं की तो दोर घेऊन पळत नाही. दात चुकून हाताला लागले तर डाव तिथंच बंद, ओरडणं नाही. दात बदलत असलेल्या, चार ते सात महिन्यांच्या पिल्लाशी हा खेळ टाळा.

कुत्रा जिंकला तर डोक्यावर बसेल असं पुष्कळ जण सांगतात. त्यात तथ्य नाही. अधूनमधून जिंकू द्यावं, हुरूप राहतो.

काठी-दोरी

एक इंची पीव्हीसी पाइप, चार फूट. आतून सात-आठ फुटांची सुती दोरी ओवा, मुठीकडच्या टोकाला जाड गाठ मारा, दुसऱ्या टोकाला जीन्सची वेणी बांधा. इलॅस्टिक वापरू नका. सुटलं की डोळ्यावर येतं. वेणी जमिनीला घासत मोठ्या गोलात फिरवा, दर दोन फेऱ्यांनी दिशा बदला. काठी वर झटकली की कुत्रा उडी मारतोच. आधी ‘थांब’, मग मोकळा, पकडल्यावर ‘सोड’. पाच मिनिटांत मोठा कुत्रा गळतो. कारवान किंवा पश्मी जातीचा असेल तर हा खेळ त्याच्या रक्तातच आहे, तो डोळ्यानं शिकार करणारा कुत्रा. गुळगुळीत फरशीवर किंवा काँक्रीटच्या गच्चीवर मात्र नको. तालमीच्या हौद्यासारखी भुसभुशीत माती सगळ्यात बरी.

चेंडू आणि पाणी

टेनिसचा चेंडू मोठ्या जबड्यात घशापर्यंत जातो. त्याहून मोठा, तोंडात मागं न सरकणारा घ्या आणि उंच फेकण्याऐवजी जमिनीवरून घरंगळत सोडा. लाकडाची काठी कधीच फेकू नका. टोक जमिनीत रुततं आणि धावत आलेल्या कुत्र्याच्या घशात घुसतं. तुटलेल्या उसाचं रान मोकळं दिसतं, पण त्यातली टोकदार बुडखी पंजा चिरतात.

रंकाळा तलाव असो वा कळंबा, साचलेलं हिरवं पाणी दिसलं तर कुत्रा उतरवू नका. काही शेवाळ विषारी असतं. शेततळं त्याहून घातक: प्लास्टिकच्या कागदावर नखं ठरत नाहीत आणि पोहणारा कुत्राही वर येऊ शकत नाही.

वेळ आणि वय

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर खेळा. हाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. जेवणानंतर दोन तास खेळ नाही, खेळानंतर अर्धा तास जेवण नाही. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून त्याला पिळा पडू शकतो. पोट टम्म, ओकारीचा प्रयत्न पण बाहेर काही नाही, तोंडातून लाळ, एका जागी चैन नाही, असं दिसलं की रात्र असली तरी थेट डॉक्टर गाठा. त्याला शस्त्रक्रियाच लागते आणि तासातासानं धोका वाढतो.

साधारण दीड वर्षापर्यंत हाडांची वाढ सुरू असते. तोवर नाकाचा खेळ हवा तेवढा, काठी-दोरी जवळजवळ नाहीच. रानातून घरी आलं की बोटांच्या बेचक्या, काखा आणि कानांच्या आतल्या बाजू चाचपा. पावसाळ्यात गोचीड तिथंच सापडते; चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिरगाळायची नाही.