पलटणीतल्या दोन भावांची पत्रे तारीखवार कशी लावावीत

दुसऱ्या महायुद्धात घरातले दोन भाऊ फौजेत असले की पत्रांचा गठ्ठा मात्र एकच व्हायचा. एक इटलीत, दुसरा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आणि दोघांची पत्रे घरी एकाच तारेला टोचलेली. हा गठ्ठा सुटा करताना 'पोस्टाचा शिक्का बघा आणि लावा' असा सल्ला हमखास मिळतो. तो पाळला तर अर्धी पत्रे चुकीच्या जागी जातील.

तारेवरून पत्र काढण्याआधी आहे तो क्रम लिहून ठेवा. मग मऊ पेन्सिलने पाठीमागच्या कोपऱ्यात क्रमांक घाला. पत्राला १२, तर त्याच्या पाकिटाला १२अ. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कोऱ्या बाजूचेही. घड्या उघडत नसतील तर पाण्याचा हात लावू नका. फौजेतली बरीच पत्रे कॉपिंग पेन्सिलने लिहिलेली असतात. ओल लागली की करडी अक्षरे जांभळी होऊन पसरतात आणि मग काहीच वाचता येत नाही. लॅमिनेशन आणि चिकटपट्टीचे नावही काढू नका. मोडीतली पत्रे आधी जाणकाराकडून देवनागरीत उतरवून घ्या, तारखा त्यानंतर.

कोणत्या भावाचे पत्र, हे अक्षरावरून ठरवू नका. कित्येक शिपाई दुसऱ्याकडून पत्र लिहून घेत. त्यामुळे एकाच भावाची पत्रे तीन हातांची निघतात, आणि दोघे काही काळ एकाच छावणीत असले तर दोघांची पत्रे एकाच हाताची. भरवसा ठेवायचा तो शिपायाच्या नंबरावर आणि मायन्यावर. धाकटा 'सौ. वहिनीस नमस्कार' लिहितो. थोरला धाकट्या भावजयीला 'चि. सौ.' लिहून आशीर्वाद देतो. स्वतःच्या बायकोचे नाव दोघेही सहसा घेत नाहीत, ती 'घरातील सर्व मंडळी'त येते किंवा 'बाळाच्या आईस' म्हणून. म्हणून ज्या सुनेला नमस्कार किंवा आशीर्वाद नाही, तिचा नवरा लिहिणारा, असे धरून चाला. शेवटी 'दादाचे पत्र आले काय' आहे की 'चिरंजीवाचे पत्र आले काय', तेही पाहा. सही नसलेली पत्रे बहुतेक इथेच सुटतात.

आता तारखा. सगळे अडते ते इथे, तेव्हा घाई नको.

फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात नंबर आणि तारीख असते, गावाचे नाव नसते. ते ऑफिस फौजेबरोबर हलत असे, म्हणून एकाच नंबराचा शिक्का या वर्षी एका देशातला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच देशातला असू शकतो. नंबरावरून मुक्काम ठरवायचा तर शेजारी तारीख हवीच. पाकिटावर तिकीट नसेल तर ते कोणी काढून घेतले असे समजू नका. 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस' लिहिलेली पत्रे बिनतिकिटाची जात. गावच्या पोस्टाचा शिक्का असेल तर तो पत्र पोहोचल्याचा. पत्र त्याआधी लिहिले, एवढेच त्यातून कळते. किती आधी, ते कळत नाही. बोटीने येणारे पत्र कित्येक आठवडे घेई. दोन भाऊ दोन दिशांना असले तर धाकट्याचे नंतर लिहिलेले पत्र थोरल्याच्या आधी घरी पोहोचते. पोहोचल्याच्या क्रमाने लावलेल्या गठ्ठ्यात उत्तर आधी आणि प्रश्न नंतर दिसतो, तो यामुळे.

पत्रात तिथी असेल तर शकात ७८ मिळवून मोकळे होऊ नका. श्रावण शके १८६४ म्हणजे १९४२, पण माघ शके १८६४ म्हणजे १९४३. माघ-फाल्गुनाला नेहमी ७९ मिळवायचे. पौष मधोमध असतो, तिथे पंचांग पाहिल्याशिवाय वर्ष लिहू नका. लिहून देणारा उत्तरेकडचा असेल तर आणखी एक फास आहे. तो विक्रम संवत घालतो (पौष, माघ, फाल्गुन आणि वर्षअखेरचा चैत्र वद्य सोडून बाकी महिन्यांना ५७ वजा) आणि त्याचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला श्रावण वद्य त्याच्या लेखी भाद्रपद वद्य असतो. हे सुटले तर पत्र पुरा एक महिना पुढे सरकते.

तारीखच नसलेल्या पत्रांसाठी वहीत चार रकाने आखा: लिहिल्याची तारीख, पोहोचल्याची तारीख, पोचपावती, मनीऑर्डर. तिसरा सर्वांत कामाचा. 'आपले ता. १२चे पत्र पावले' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात असते, आणि त्या ओळीने पत्र बाराव्या तारखेच्या नंतर बसते. 'वीस रुपये पाठविले, पावल्याचे कळवावे' आणि पुढच्या पत्रातले 'पैसे पावल्याचे समजले' या दोन ओळी मधली पत्रे आवळून धरतात. अंदाजाने लावलेली तारीख चौकटी कंसात लिहा, खात्रीची बिनकंसाची. हा भेद पाळला नाही तर वर्षभराने तुमचाच अंदाज तुम्हाला पुरावा वाटू लागेल.

शेवटी ताळा. पलटणीचे नाव कळले असेल तर तिच्या वॉर डायरीशी, म्हणजे पलटणीने ठेवलेल्या रोजच्या नोंदवहीशी, पत्रे जुळवा. ब्रिटिश कमांडखालच्या हिंदी पलटणींच्या बऱ्याच डायऱ्या लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. जवानाचे पत्र इटलीतून आलेले आणि सप्टेंबर १९४३ च्या आधीचे निघाले, तर तारीख चुकली असेल किंवा तो तिथे युद्धकैदी असेल. कैद्याचे पत्र बहुधा छापील फॉर्मवर असते, तेवढ्यावरून निकाल लागतो. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला जपान्यांच्या हाती पडले. मलायातल्या भावाची पत्रे त्या सुमारास थांबली असतील तर मधली पत्रे हरवली म्हणून शोधत बसू नका. सेन्सॉरने कापलेल्या जागी अंदाजाने गावाचे नाव भरू नका. किती ओळी गेल्या तेवढे नोंदवा.

पत्रे सपाट करून आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवा, गंजलेल्या टाचण्या काढून टाका. तारेची भोके बुजवू नका. एकमेकांवर बसणारी भोके कोणती पत्रे एकत्र टोचली होती ते सांगतात, आणि रकाने भरूनही जागा न मिळालेली दोन-चार पत्रे त्यांच्यावरूनच लागतात.