विभाजक शोधताना या चुका टाळा

प्रश्न होता, ७२ चे सर्व विभाजक लिहा. वहीत उत्तर आलं: १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, ३६, ७२. दहा संख्या आणि त्यातली एकही खोटी नाही. तरीही उत्तर चूक, कारण १८ आणि २४ राहून गेले. मुलगी गोंधळली. तिचे पाढे तोंडपाठ होते, भागाकारही बिनचूक होता, मग चुकलं कुठे?

चुकलं ते शोधायच्या पद्धतीत. "आठ नवे बहात्तर" तिला पटकन आठवलं, "बारा सक बहात्तर"ही आठवलं, आणि निम्मे म्हणून ३६ सुचले. "अठरा चोक बहात्तर" मात्र त्या क्षणी जिभेवर आलं नाही. जे आठवेल ते लिहायचं, असं ठरवलं की यादी आठवणीच्या भरवशावर राहते. पाढे पक्के असलेल्या मुलांना तर हा भरवसा जरा जास्तच वाटतो.

एकेक संख्या नको, जोडी लिहा

विभाजक कधी एकटा सापडत नाही. ७२ ला ४ ने भाग गेला की भागाकार येतो १८, आणि तो १८ सुद्धा विभाजकच असतो. म्हणजे एका भागाकारात दोन विभाजक हाती लागतात. बहुतेक जण ४ लिहितात आणि १८ तसाच सोडून पुढे जातात. माझ्या मते विभाजकांच्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच आहे, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच येतात.

वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे १ पासून क्रमाने चढत जा, उजवीकडे जोडीदार लिहा:

१ × ७२
२ × ३६
३ × २४
४ × १८
५ ने भाग जात नाही
६ × १२
७ ने भाग जात नाही
८ × ९

डावीकडे पुढचा आकडा ९. तो तर उजवीकडे आलेलाच आहे, तेव्हा काम संपलं. आता डावा रकाना वरून खाली वाचा आणि उजवा खालून वर. १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १८, २४, ३६, ७२ अशी यादी चढत्या क्रमाने आपोआप तयार होते. ५ आणि ७ च्या ओळी खोडून टाकू नका. तपासून झालेलं दिसत राहिलं की पुन्हा शंका येत नाही.

थांबायचं कुठे, हे न कळणं

इथे चुका दोन्ही बाजूंनी होतात. काही मुलं ५ ने भाग गेला नाही की तिथेच थांबतात. काही जण दहापर्यंत बघतात, कारण रोजचे पाढे दहापर्यंतचे. मग १४३ ला २ ते १० पैकी कशानेच भाग जात नाही म्हणून तिला मूळ संख्या (म्हणजे १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असलेली) ठरवतात, आणि ११ × १३ निसटतात. याउलट कुणी ९७ साठी ४८ पर्यंत एकेक भागाकार करत बसतं. त्यात उत्तर चुकत नाही, पण मेहनत फुकट जाते.

नियम सोपा आहे: डावीकडच्या संख्येचा वर्ग मूळ प्रश्नातल्या संख्येपेक्षा मोठा झाला की थांबा. ७२ साठी ८ × ८ = ६४, तोवर ठीक. ९ × ९ = ८१, म्हणजे हद्द ओलांडली. कारणही पाठ करण्यासारखं नाही, समजण्यासारखं आहे. जोडीतल्या दोन्ही संख्या ९ किंवा त्याहून मोठ्या असत्या, तर गुणाकार किमान ८१ झाला असता. म्हणून प्रत्येक जोडीतला धाकटा ८ पर्यंत सापडायलाच हवा.

संख्या पूर्ण वर्ग असेल तर शेवटची जोडी सारख्याच संख्यांची येते. ३६ मध्ये ६ × ६ येतं, पण यादीत ६ एकदाच लिहायचा. म्हणून ३६ चे विभाजक ९ आहेत, १० नाहीत. यातून एक छान पडताळा मिळतो. विभाजकांची संख्या विषम येते ती फक्त पूर्ण वर्ग संख्यांची. ४८ चे विभाजक मोजून ९ भरले, तर न बघताच समजा की काहीतरी राहिलंय.

चेहरा बघून मूळ संख्या ठरवणं

५१, ५७, ८७ या संख्या मूळ संख्यांसारख्या दिसतात खऱ्या, पण अंकांची बेरीज केली की ६, १२, १५ येते आणि ३ ने भाग जातो हे लगेच कळतं. खरा फसवा आहे तो ९१. २, ३, ५ च्या कसोट्या त्याला लागू पडत नाहीत, आणि १३ चा पाढा सातपर्यंत कुणी सहसा म्हणून बघत नाही. अशा वेळी संख्या फोडा: ९१ = ७० + २१. दोन्ही तुकडे ७ च्या पाढ्यातले, म्हणून ७ × १३.

एक गोष्ट लक्षात ठेवली तर ही भीती कायमची जाते. १ ते १२० मध्ये २, ३ किंवा ५ ने भाग न जाणाऱ्या संयुक्त (दोनहून जास्त विभाजक असलेल्या) संख्या फक्त चार आहेत: ४९, ७७, ९१ आणि ११९. या चार ओळखीच्या झाल्या की १२० पर्यंतच्या संख्यांसाठी २, ३, ५ च्या कसोट्या पुरतात.

कसोट्या मात्र वाटेल तशा ताणू नका. शेवटी ३ आहे म्हणून ३ ने भाग जातोच असं नाही. १३ आणि २३ बघा. तसंच २ ने जातो आणि ४ ने जातो म्हणून ८ ने जाईल, हेही खोटं. २० ला जात नाही. ३ आणि ४ वरून १२ ठरवता येतो, कारण त्या सहमूळ आहेत, दोघांत १ शिवाय सामाईक विभाजक नाही. २ मात्र ४ च्या पोटातच आहे, त्यामुळे २ च्या कसोटीतून नवीन काही कळलेलं नसतं.

विभाजक, विभाज्य आणि मूळ अवयव

६ चे विभाजक विचारले आणि ६, १२, १८ लिहिले, तर ते विभाज्य झाले. ६० चे विभाजक विचारले आणि २ × २ × ३ × ५ लिहिलं, तर ते मूळ अवयव झाले. १ आणि ती संख्या स्वतः हे दोन तर घाईत हमखास विसरले जातात. आणि १ ही मूळ संख्या नाही, कारण तिला एकच विभाजक आहे. हा गोंधळ मोठ्यांचाही होता: गणिती डेरिक लेमर यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या मूळ संख्यांच्या यादीची सुरुवात १ पासून होती.

यादी अपुरी वाटली तर

मूळ अवयव पाडून विभाजक किती असायला हवेत ते आधीच काढता येतं. ८४ = २ × २ × ३ × ७. विभाजक बनवताना २ एकदाही न घेणं, एकदा घेणं, दोनदा घेणं असे तीन पर्याय. ३ साठी घेणं-न घेणं असे दोन. ७ साठीही दोन. ३ × २ × २ = १२. वहीत दहाच असतील तर एक जोडी हरवली आहे.

हरवलेली जोडी शोधायला एक युक्ती आहे. यादीतल्या प्रत्येक विभाजकाचे विभाजकही त्याच यादीत असले पाहिजेत. ८४ च्या यादीत २८ आहे पण १४ नाही, असं दिसलं की ६ × १४ ही ओळ सुटल्याचं कळतं.

त्या मुलीला मी तिचीच यादी पुन्हा वाचायला सांगितली. ३६ वर बोट आलं तेव्हा ती म्हणाली, "याचा निम्मा कुठाय?" अठरा मिळाले. मग तिने जोड्या लावायला घेतल्या, १ समोर ७२, २ समोर ३६, आणि ३ समोर लिहायला काही उरलं नाही. "चोवीस त्रिक बहात्तर," ती पुटपुटली, आणि रिकाम्या जागेत २४ लिहून मोकळी झाली.