डोकेदुखी, आखडलेली मान आणि गाडी लागणे : घरच्या घरी अ‍ॅक्युप्रेशर कसे करावे

अ‍ॅक्युप्रेशर करताना बहुतेक जण जोरावर भर देतात. प्रत्यक्षात आधी साधायची असते ती जागा. चिनी पारंपरिक वैद्यकातून आलेल्या या पद्धतीत अ‍ॅक्युपंक्चरच्याच बिंदूंवर सुईऐवजी बोटांनी दाब दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत असे ३६१ बिंदू आहेत. घरी मात्र तीन नीट सापडले तरी पुरे.

आधी नखे कापावीत, खुर्चीत टेकून बसावे आणि खांदे सैल सोडावेत. अंगठ्याच्या पेराचा मऊ भाग बिंदूवर ठेवून दाब हळूहळू वाढवत न्यावा. बोथट, जडसर कळ जाणवली की योग्य जागा मिळाली असे समजावे. चमक निघाली किंवा मुंग्या आल्या तर बोट थोडे सरकवावे. दोन ते तीन मिनिटे दाब कायम ठेवून बोट लहान वर्तुळात फिरवावे आणि श्वास संथ चालू द्यावा.

डोकेदुखीसाठी प्रथम हाताचा ‘हेगु’ बिंदू घ्यावा. अंगठा तर्जनीला चिकटवल्यावर हाताच्या पाठीवर दोघांच्या मध्ये स्नायूचा जो उंचवटा येतो, त्याच्या सर्वांत उंच भागावर दुसऱ्या हाताचा अंगठा टेकवावा आणि मग पहिला हात सैल सोडावा. तळव्याच्या बाजूने तर्जनीचा आधार देऊन दाब तर्जनीच्या मुळाकडे जाणाऱ्या हाडाच्या दिशेने द्यावा. नुसती बेचक्यातली कातडी चिमटीत धरून काहीच साधत नाही. नंतर हात बदलावा. गर्भवती स्त्रियांनी हा बिंदू दाबू नये, कारण त्यामुळे गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात असे परंपरेने मानले जाते आणि येथे सावधपणाच बरा.

दिवसभर संगणकापुढे बसून मान आखडली असेल, तर ‘फेंगची’ बिंदू पाहावेत. कवटीच्या खालच्या कडेला, मानेच्या मागच्या जाड स्नायूंच्या बाहेरच्या बाजूस दोन खळगे असतात. दोन्ही हातांची बोटे डोक्यामागे गुंफून अंगठे त्या खळग्यांत टेकवावेत आणि डोके किंचित मागे झुकवावे, म्हणजे डोक्याच्या भारानेच पुरेसा दाब पडतो व हातांना शीण होत नाही. मानेच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर मात्र कधीही दाब देऊ नये, कारण मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या तेथून जातात.

तिसरा बिंदू ‘नेइगुआन’, मळमळीसाठीचा. तळहात वर करून मनगटाच्या घडीला लागून दुसऱ्या हाताची मधली तीन बोटे आडवी ठेवावीत. त्यांच्या कोपराकडील कडेलगत, हाताच्या मध्यभागी असलेल्या दोन स्नायुबंधांच्या मधोमध हा बिंदू येतो. मुलांना गाडी लागत असेल तर माप त्यांच्याच बोटांनी घ्यावे, आपल्या बोटांनी घेतल्यास जागा चुकते. घाट सुरू होण्याआधीच दाब द्यायला घ्यावा. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे; प्रवासातील मळमळीबाबतचे निष्कर्ष संमिश्र असले, तरी करून पाहण्यात तोटा नाही.

जखम, सूज, पुरळ किंवा फुगलेल्या शिरा असलेल्या जागी दाब देऊ नये, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. नेहमीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, तापाबरोबर ताठलेली मान, डोक्याला मार लागल्यावरची उलटी, जड झालेली जीभ, लुळा पडलेला हात किंवा छातीत दुखणे, यांपैकी काहीही असल्यास बिंदू शोधण्यात वेळ न घालवता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.