जीझिप, एक्सझेड की झेडस्टँडर्ड? स्वतःच्याच फाईलवर तपासून बघा

फाईल लहान करायला, म्हणजे कॉम्प्रेशनला, जीझिप, एक्सझेड, झेडस्टँडर्ड यातलं कुठलं टूल भारी असं विचारलं की लोक पटकन नाव सांगून मोकळे होतात, कुठल्या फाईलसाठी हवंय ते कोणी विचारतच नाही, आणि सगळा खेळ तर तिथेच आहे. जेपीजी, एमपी4 आधीच कॉम्प्रेस झालेले असतात, त्यांच्यावर काहीही चालवा, हाती फारसं लागत नाही. टेस्टला आपलाच खरा डेटा घ्या, डेटाबेसचा डंप नाहीतर सर्व्हरचे लॉग, आणि काहीशे एमबी तरी असू दे, कारण पुन्हा पुन्हा येणारा डेटा शोधायला जीझिप मागचे फक्त 32 केबी बघतो आणि एक्सझेड डीफॉल्टला 8 एमबी, हा फरक छोट्या फाईलवर कळतच नाही.

आणि हो, जीझिप आणि एक्सझेड काम झालं की मूळ फाईल उडवतात, त्यांना कमांडमध्ये डॅश के (-k) द्यायचा म्हणजे ती राहते. झेडस्टँडर्ड मूळ फाईलला हात लावत नाही.

फाईल आधी एकदा कॅट कमांडने वाचून डेव्ह नलमध्ये (/dev/null, तिथे गेलेलं कुठेच साठत नाही) सोडा म्हणजे ती रॅममध्ये येते, नाहीतर पहिल्या टूलच्या वेळेत डिस्कचा वेळ धरला जातो आणि ते उगाच स्लो ठरतं. मग कमांडच्या आधी टाइम (time) लावा, तो वेळ मोजून दाखवतो. रिअल म्हणजे घड्याळातला वेळ, यूझर म्हणजे सगळ्या कोअरनी मिळून खाल्लेला. जीझिप एकाच कोअरवर चालतो, एक्सझेड 5.6 व्हर्जनपासून आपोआप सगळे वापरतो, त्यामुळे तुलना बरोबरीची हवी तर एक्सझेड आणि झेडस्टँडर्डला डॅश टी1 (-T1) द्या, टी कॅपिटल.

झेडस्टँडर्डमध्ये तर टेस्टची सोय आतच आहे, डॅश बी1 डॅश ई19 (-b1 -e19) आणि फाईलचं नाव, 1 ते 19 सगळ्या लेव्हलची (लेव्हल जितकी वर तितकं कॉम्प्रेशन जास्त) साईझ आणि कॉम्प्रेस करण्याचा, उघडण्याचा असा दोन्ही बाजूचा स्पीड समोर येतो.

उघडायला लागणारा वेळ वेगळा मोजाच, बहुतेक जण हेच विसरतात. आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने 2019 च्या शेवटी आपली सॉफ्टवेअर पॅकेजेस एक्सझेडवरून झेडस्टँडर्डवर नेली, एकूण साईझ जेमतेम 0.8 टक्के वाढली आणि उघडण्याचा स्पीड त्यांच्या आकड्यांप्रमाणे 1300 टक्क्यांनी वाढला!

माझं मत विचाराल तर रोजच्या बॅकअपला झेडस्टँडर्ड लेव्हल 3, डोळे झाकून. वर्षानुवर्षं नुसतं ठेवायचं असेल आणि एकेक एमबी महत्त्वाचा असेल तर एक्सझेड, पण डॅश 6 या डीफॉल्ट लेव्हलवरच थांबा, डॅश 9 ला एका थ्रेडवरसुद्धा 674 एमबी रॅम लागते आणि फाईल 8 एमबीपेक्षा लहान असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही.