व्हायरल तापानंतरचा जिवाणूसंसर्ग ओळखताना या चुका टाळा

पावसाळा लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटीकडे थंडीताप-खोकल्याचे रुग्ण वाढतात आणि पुष्कळांना पहिल्याच दिवशी अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू होतं. कारण बहुतेकदा एकच सांगतात: बेडका पिवळा पडतोय. पण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतून येतो, नुसत्या विषाणूनेही येतो.

रंगापेक्षा तापाचा क्रम विचारा. फ्लूचा रुग्ण तीन-चार दिवसांत सावरतो, जेवू लागतो आणि मग पुन्हा हुडहुडी भरून ताप चढतो, एका बाजूला बरगडीत कळ येते, धाप लागते. इथं जिवाणूचा संशय घ्यायलाच हवा. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर सोललेलं असतं. मग नाक-घशातले न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जिवाणू खाली फुफ्फुसात उतरतात. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू अशाच न्यूमोनियाने झाले. कोविडमध्ये मात्र दाखल होतानाच जिवाणूसंसर्ग असलेले रुग्ण थोडे होते, तरी अँटिबायोटिक बहुतेकांना मिळालं. म्हणून विषाणू कोणता, हेही पाहावं.

सगळ्यात नुकसान करणारी चूक म्हणजे औषध आधी, नमुना नंतर. निपाणीचा रुग्ण गोळ्या खाऊन कोल्हापूरला किंवा बेळगावला पोचतो, कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काही वाढत नाही आणि घरचे समजतात, जंतू नाहीच. तसा अर्थ होत नाही. पाठवतानाच चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस, तारीख लिहा. बेडकाही खोल खोकून काढलेला हवा. सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात तोंडातल्या पेशी १० पेक्षा कमी आणि पू-पेशी २५ पेक्षा जास्त दिसल्या तर नमुना चांगला. नाहीतर ती लाळ.

रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, विषाणूनेही वाढतो. स्टेरॉइड दिलं असेल तर पांढऱ्या पेशी वाढतात, तेव्हा आधी कुठं सुई घेतली का ते विचारा. प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूसंसर्गात रक्तात वाढणारा घटक) कमी असणं धीर देतं, पण मूत्रपिंडाच्या विकारात ते एरवीही चढलेलं असतं. एकट्या आकड्यावर ठरवू नका.

निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बाईचा खोकला 'तंबाखूचाच' म्हणून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोन आठवडे उलटले तर टीबीसाठी बेडक्याची सीबीनॅट ही जनुकीय तपासणी करा. त्याआधी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देऊ नका, टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली, रक्तदाब उतरलेला, रुग्ण बरळतोय, तर रिपोर्टची वाट पाहू नका. रक्ताचं कल्चर घ्या, लगेच पहिला डोस द्या आणि ४८ तासांनी रिपोर्ट पाहून औषध बदला किंवा थांबवा.