पोरांना गावचा इतिहास दाखवायचाय? एका रविवारी एकच जागा

पहिली चूक मीच केलेली, एका दिवसात चार ठिकाणं, दुपारपर्यंत पोरं रडकुंडीला आली. म्हणून सांगतो, एका रविवारी एकच जागा, तीही ऊन चढायच्या आत, आपलं खान्देशचं ऊन माहितीये ना.

नंदुरबारवाले असाल तर माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकापासून सुरू करा. गेल्या गेल्या भाषण ठोकू नका. आधी पोराला विचारा, तुझ्या शाळेत पंधरा वर्षांची मुलं कितवीत असतात? नववी-दहावीत. मग सांगा की 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार तेवढाच होता, पोलिसांच्या गोळीबारात तो गेला आणि त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हेही गेले. माझी मुलगी हे ऐकून गप्पच झाली, मग हळूच म्हणे, "पप्पा, त्यांच्या मम्मीला कधी कळलं असेल?" मला उत्तर देता आलं नाही, तुम्हालाही लगेच द्यायची गरज नाही.

बाकीच्यांनी आपापलं जवळचं बघा. धुळ्याला इतिहासाची जुनी कागदपत्रं जपणारं राजवाडे संशोधन मंडळ नाहीतर लळिंगचा किल्ला, अमळनेरला साने गुरुजी शिकवायचे ती शाळा, यावलकडच्यांना फैजपूर, तिथं 1936 ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं.

घरी आल्यावर निबंध नको हां! कागदावर घरापासून तिथपर्यंतचा नकाशा काढायला लावा आणि तो आजीला दाखवायला सांगा, आजी "इथं आधी विहीर होती" म्हणत सुरू झाली की आपण फक्त चहा ठेवायचा.